गरीब देशांत व्हॉलंटियर म्हणून लोक का जातात? सारखे येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

२०१५च्या भूकंपानंतर मी नेपाळमध्ये सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या एका शाळेत साडेचार महिने होते. तेव्हापासून ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे, त्यांचे आईबाबा असे सगळे मला मेसेज करून विचारत असतात, आणि प्रश्न बऱ्याचदा तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. ज्याला जे हवं ते वाचा, एकमेकांशी जोडलेलं जिथं आहे तिथं नंबर दिलेत.

१. ताई, व्हॉलंटियर म्हणजे फुकट काम करायचं का? काहीच पैसे मिळत नाहीत?

सगळीकडे सारखं नसतं आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. अमेरिकेचं पीस कॉर्प्स १९६१ला केनेडींनी सुरू केलं, त्यात फक्त अमेरिकन नागरिक जाऊ शकतात, तीन महिने ट्रेनिंग आणि पुढे दोन वर्षं काम, राहण्याखाण्यापुरते पैसे मिळतात. (तिकडं वाढलेली आपली मराठी मुलंही जातात त्यात.) ब्रिटनची अशीच संस्था व्हीएसओ, १९५८ची. युनायटेड नेशन्सचे व्हॉलंटियर असतात त्यांना महिन्याचा भत्ता मिळतो आणि तिथं भारतीयांना अर्ज करता येतो. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सला लोक व्हॉलंटियरिंग म्हणतात पण ते पगार देतात, आणि पहिल्या कामाला बहुतेकांना नऊ ते बारा महिने द्यावे लागतात. आणि मग उरतात त्या एजन्सीज जिथं उलटे तुम्हीच पैसे भरता, त्याबद्दल प्रश्न ६ बघा.

२. पण मुळात लोक जातातच का? स्वतःचं घर, नोकरी सोडून?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याला बहुतेक एकच कारण ऐकायचं असतं. एक कारण नसतं. क्लॅरी आणि स्नायडर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९८मध्ये लोकांना विचारून विचारून सहा कारणं काढली होती: मूल्यं, म्हणजे मदत करणं बरोबर वाटतं म्हणून, काहीतरी शिकायला मिळावं म्हणून, करिअरसाठी, मित्रमंडळी किंवा घरचे करतात म्हणून, स्वतःबद्दल बरं वाटावं म्हणून, आणि सहावं म्हणजे स्वतःच्या त्रासापासून, अपराधीपणापासून सुटका मिळावी म्हणून. हे सहावं कोणी उघड बोलत नाही पण माझ्याकडे रात्री अकरानंतर येणारे मेसेज बरेचसे तिथूनच येतात. ब्रेकअप झालाय, यूपीएससीचे सगळे अटेम्प्ट संपलेत, बाबा गेले आणि घरात बसवत नाही.

माझं स्वतःचं सांगते. २५ एप्रिलला भूकंप झाला, नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि त्याच महिन्यात मी नोकरी सोडली होती आणि पुढे काय ते कळत नव्हतं. टीव्हीवर पडलेली घरं बघून पोटात तुटलं हे खरं आणि मला कुठंतरी निघून जायचं होतं हेही तेवढंच खरं. तिथं पोचल्यावर मी ज्यांच्याकडे राहायचे त्या दिदींनी पहिल्याच आठवड्यात भात वाढता वाढता विचारलं, तुझ्या देशात शिकवायला मुलं नाहीत का? त्यांना टोमणा मारायचा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं. मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी कारणांवरून कोणाला जोखत नाही. कारणं मिसळलेलीच असतात आणि चालतं तसं. मी फक्त एवढं विचारते की तुला तिथून कोणी बोलावलंय का. तिथल्या शाळेनं, दवाखान्यानं, गावानं सांगितलंय का की आम्हाला या कामाला, एवढ्या दिवसांसाठी माणूस हवाय? तुझं कारण काहीही असू दे, बोलावणं त्यांचं हवं.

३. हे सगळं गोऱ्या लोकांचं फॅड नाही का? आपले लोक कुठे जातात?

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस विसरलात का? जपाननं चीनवर हल्ला केला तेव्हा चीनकडून डॉक्टरांची मागणी आली, काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक १९३८मध्ये मुंबईहून बोटीनं पाठवलं, त्यात कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकर पण होते, जे तेव्हा काही तरुण नव्हते. आपला देश स्वतः पारतंत्र्यात, गरीब, आणि आपण दुसऱ्या गरीब देशाला डॉक्टर पाठवतोय, हे आठवलं की मला अजून भरून येतं. बाकीचे एकेक करून परत आले, कोटणीस राहिले. चिनी भाषा शिकले, बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे पहिले संचालक झाले, तिथल्याच गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. सोलापुरात त्यांच्या घरी स्मारक आहे, एकदा जाऊन या. आणि बघा, ते बोलावल्यावर गेले, हाताला कौशल्य घेऊन गेले आणि भाषा शिकले. तीनही गोष्टी.

उलट्या दिशेनंही झालंय. १९३४ला बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा स्वित्झर्लंडचे पिएर सेरेसोल आपले दोनचार साथीदार घेऊन आले आणि गावं परत बांधायला लोकांबरोबर राबले. त्यांनीच १९२०मध्ये फ्रान्समध्ये व्हर्डनजवळ, पहिल्या महायुद्धानं उद्ध्वस्त केलेल्या गावात पहिलं आंतरराष्ट्रीय श्रमशिबिर घेतलं होतं, त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल उभी राहिली. पुढे आनंदवनात सुरुवातीच्या इमारतींच्या कामालाही याच संस्थेचे परदेशी तरुण आले होते.

४. परदेशातच कशाला जायचं? आपल्या गडचिरोलीत काम कमी आहे का?

कमी नाही, आणि मी तर म्हणते पहिल्यांदा इथंच जा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला दर मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी असते, उन्हात आठवडाभर खोदकाम करून बघा, आपल्याला हे झेपतं का ते तिथंच कळतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेतून २००६पासून तरुणांसाठी 'निर्माण' हा उपक्रम चालतो.

पण "परदेश नको" हा हट्ट मला पटत नाही. नाशिकच्या पोरासाठी भामरागड काय कमी परकं आहे? प्रकाश आमटे आणि मंदाताई १९७३मध्ये हेमलकशाला गेले तेव्हा महाराष्ट्रातच होते पण तिथं मराठी बोलून भागत नव्हतं, माडिया शिकावी लागली. आपण बाहेरून आलोय ही जाणीव दोन्हीकडे तेवढीच ठेवावी लागते.

५. खरं सांगायचं तर मला एमएसच्या अर्जात लिहायला हवंय. हे चुकीचं आहे का?

नाही, आणि खरं बोललास म्हणून उलट बरं वाटलं. पीस कॉर्प्सवाल्यांनाही परत गेल्यावर सरकारी नोकऱ्यांत फायदा मिळतो, ते लपवत नाहीत. फक्त दोन गोष्टी बघ. सर्टिफिकेट मिळालं नाही तरी तेच काम शेवटपर्यंत करशील का? आणि अर्जात लिहिताना "मी एका गावाचं आयुष्य बदललं" असलं काही लिहू नकोस, त्या गावानं तुला काय शिकवलं ते लिही.

६. काम मी करणार, मग लाखभर रुपये मीच का भरायचे?

मला पण आधी हे खटकायचं. पण नीट बघितलं तर परका माणूस सांभाळायला खर्च येतोच, झोपायला जागा, जेवण, बरोबर फिरायला भाषा येणारा माणूस, आजारी पडला तर गाडी. तो खर्च ज्या गावात पाणी भरायला डोंगर उतरावा लागतो त्या गावानं करावा का? नाही ना. म्हणजे पैसे भरणं चूक नाही, ते कुठे जातात ते विचारणं महत्त्वाचं. फीपैकी किती रक्कम त्या शाळेला किंवा होमस्टेला जाते ते लेखी मागा. चांगली संस्था आकडा देते. "आम्ही कम्युनिटीला सपोर्ट करतो" एवढंच उत्तर आलं तर सोडून द्या.

कॉलेजची मुलं बरीच आयसेक या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडून जातात, सहा ते आठ आठवड्यांसाठी, तिथंही फी असते आणि अनुभव त्या त्या शहरातली टीम कशी आहे त्यावर फार अवलंबून असतो, म्हणून आदल्या वर्षी तिथंच जाऊन आलेल्या दोघांशी तरी फोनवर बोला.

७. दोन आठवड्यांची सुट्टी आहे. तेवढ्यात काही उपयोग होतो का?

तुम्हाला होतो. त्यांना फार कमी वेळा.

शाळेतलं सांगते. बांबू आणि जस्ताच्या पत्र्यांचे तात्पुरते वर्ग होते, पाऊस आला की पत्र्यांवर एवढा आवाज व्हायचा की शिकवणं थांबवावं लागायचं. पहिल्या दिवशी तिसरीच्या वर्गात मी फळ्यावर सफरचंद काढायला घेतलं, अजून देठ काढायचं बाकी होतं तर सगळा वर्ग एका सुरात "ॲपल" ओरडला, आणि मी वळायच्या आत "बनाना", "मँगो", "ऑरेंज", त्याच क्रमानं. माझ्या आधी चार व्हॉलंटियर येऊन गेले होते, प्रत्येक जण दोनतीन आठवडे, आणि प्रत्येकानं फळांपासून सुरुवात केली होती. मुलांना फळं पाठ होती, पण "मला भूक लागली आहे" हे इंग्रजीत एकालाही सांगता येत नव्हतं, कारण तिथपर्यंत पोचायच्या आधीच शिकवणारा गेलेला असायचा. मुख्याध्यापक सरांनी मग एक वही केली, कोणी काय शिकवलं आणि कुठे सोडलं. ती वही हा माझ्या मते तिथला सगळ्यात कामाचा प्रोजेक्ट होता, आणि तो कुठल्या व्हॉलंटियरला सुचला नाही, सरांना सुचला.

बांधकामाचं गणित तर अजून अवघड आहे. १९९८च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये अमेरिकेतून चर्चचे ग्रुप घरं बांधायला गेले, तिथं कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञानं हिशोब काढला तर विमानाची तिकिटं धरून एका घराला सरासरी तीस हजार डॉलर पडले होते, तेच स्थानिक संस्था दोन हजारात बांधत होत्या. एका घराच्या पैशात पंधरा घरं! तुमचे हात तिथं लागतात का पैसे, हे आधी ठरवा. दोन आठवडेच असतील तर एखाद्या ठरलेल्या कामासाठी जा जे दोन आठवड्यांत संपतं: कॉम्प्युटर दुरुस्त करणं, अकाउंट्स लावून देणं, तिथल्या शिक्षकांना एखादं ट्रेनिंग, तेही त्यांनी मागितलं असेल तर. नाहीतर सरळ फिरायला जा, गावातल्या लोकांच्या होमस्टेमध्ये राहा, पैसे द्या, त्यात कमीपणा काही नाही.

८. मला लहान मुलं खूप आवडतात, अनाथाश्रमात जायचंय. कुठलं सुचवाल?

एकही नाही. हे वाचून वाईट वाटेल पण पूर्ण वाचा.

युनिसेफनं २०११मध्ये कंबोडियाबद्दल सांगितलं होतं की २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथले अनाथाश्रम ७५ टक्क्यांनी वाढले आणि आतल्या चारपैकी तीन मुलांना आई किंवा वडील होते. अनाथ मुलं वाढली म्हणून आश्रम वाढले नव्हते, टुरिस्ट वाढले म्हणून वाढले. नेपाळमध्ये पण बहुतेक अनाथाश्रम काठमांडू खोरं, पोखरा, चितवन असे जिथं परदेशी लोक फिरतात तिथंच आहेत, ज्या जिल्ह्यांत गरिबी सगळ्यात जास्त तिथं नाहीत. माओवादी युद्धाच्या काळात, १९९६ ते २००६, हुम्लासारख्या दूरच्या जिल्ह्यांतून दलाल यायचे, चांगल्या शाळेत घालतो म्हणून आईबापांकडूनच पैसे घ्यायचे आणि मुलांना काठमांडूत आणून अनाथ म्हणून दाखवायचे. ते आईबाप वर्षानुवर्षं वाट बघत बसले. भूकंपानंतर परत तेच होईल या भीतीनं सरकारनं आईवडिलांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंधन घातलं होतं. मुलांना असं अनाथाश्रमांत आणण्याला ऑस्ट्रेलियानं तर सरळ आधुनिक गुलामगिरीचा एक प्रकार मानलंय.

म्हणजे तुम्ही मनापासून प्रेमानं जाता आणि तुमच्या जाण्यामुळेच कुठंतरी एक मूल घरातून उचललं जातं. आणि जिथं तसं काही चालत नाही तिथंही विचार करा, दर महिन्याला नवी ताई येते, जवळ घेते, रडत रडत निघून जाते, त्या मुलाला हे किती वेळा सोसायचं? मुलांसोबत काम करायचंच असेल तर गावातल्या दिवसाच्या शाळेत करा, जिथून मूल संध्याकाळी स्वतःच्या घरी जातं.

९. मी एमबीबीएस थर्ड इयरला आहे. आफ्रिकेत प्रॅक्टिकल अनुभव भरपूर मिळतो म्हणतात, जाऊ का?

बघायला, शिकायला जा. पण टाके घालणं, डिलिव्हरी करणं, जे तुला इथं सीनियरशिवाय करायची परवानगी नाही ते तिथंही करायचं नाही. तिथला पेशंट गरीब आहे म्हणून त्याच्यावर हात साफ करून घ्यायचा नसतो. एजन्सीनं "हँड्स ऑन प्रोसिजर्स" अशी जाहिरात केली असेल तर तिथंच थांब. डिग्री आणि थोडी वर्षं अनुभव झाल्यावर प्रश्न १ मधल्या संस्था उघड्या आहेत, तेव्हा तुझी खरी गरज असेल.

१०. आपण गेल्यामुळे तिथल्या माणसाचं काम जातं का?

जाऊ शकतं. फुकट शिकवणारा सारखा मिळत असेल तर शाळा पगारी शिक्षक कशाला ठेवेल. इव्हान इलिच या विचारवंतानं १९६८मध्ये मेक्सिकोत कुएर्नावाकाला अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं की तुमचा हेतू चांगला असेल पण असे मदतीला येऊ नका. मी तेवढं टोकाचं म्हणणार नाही, पण ते भाषण प्रत्येकानं निघण्याआधी वाचावं.

याचं उत्तर काय असू शकतं ते मला गडचिरोलीत दिसतं. बंग दांपत्यानं नवजात बाळांना वाचवायला ३९ गावांत बाहेरून कोणी आणून बसवलं नाही, गावातल्याच बायकांना शिकवलं, त्या आरोग्यदूत झाल्या, आणि बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ला लॅन्सेटमध्ये छापून आलंय ते. बाहेरच्या माणसाची जागा तिथं आहे, त्या बायकांच्या मागे. तुम्ही जो प्रोजेक्ट बघताय त्यात तुमच्या शेजारी तिथला कोण माणूस काम करणार आहे त्याचं नाव विचारा. नाव नसेल तर तुम्ही गेल्यावर काम बंद पडणार.

११. मुलगी २३ वर्षांची आहे, एकटी नेपाळला जायचं म्हणते. आम्ही काय बघायला हवं?

काकू, तुमची काळजी रास्त आहे. राहणार कुणाकडे त्या घराचा फोन नंबर घ्या आणि ती निघायच्या आधी त्या घरातल्या बाईंशी स्वतः बोला, मोडक्यातोडक्या हिंदीत चालतं, तिकडं हिंदी बऱ्याच जणांना समजते. मी ज्यांच्याकडे राहायचे त्या दिदींशी माझी आई दर रविवारी बोलायची, दोघी काय बोलायच्या देव जाणे पण अर्धा अर्धा तास चालायचं. संस्थेनं तिच्याकडे पोलीस व्हेरिफिकेशन मागितलंय का ते बघा, मागितलं असेल तर ती चांगली खूण आहे, कारण ते तिथल्या मुलांची काळजी घेतायत. इन्शुरन्स, जवळचं हॉस्पिटल किती तासांवर, पावसाळ्यात रस्ता चालू असतो का, हे तिन्ही आधीच विचारून घ्या. दरडींमुळे आमचा रस्ता दोनदा चारचार दिवस बंद होता.

१२. व्हिसा आणि लसींचं काय?

भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. बाकी देशांत मात्र "टुरिस्ट व्हिसावर या, कोणी विचारत नाही" असं संस्थेनं सांगितलं तर ऐकू नका, बऱ्याच देशांत टुरिस्ट व्हिसावर बिनपगारी काम करायलाही बंदी आहे आणि पकडले गेलात तर तुम्ही पकडले जाणार, संस्था नाही. भारतातसुद्धा परदेशी माणसाला ई टुरिस्ट व्हिसावर जास्तीत जास्त महिनाभराचं बिनपैशाचं काम चालतं, त्यापुढे वेगळा व्हिसा.

आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांना जाताना यलो फिव्हरची लस आणि ते पिवळं कार्ड लागतं, लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, एकदा घेतली की आयुष्यभर चालते. कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच एअरपोर्टवरून सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनला पाठवतात.

१३. मी ६४ वर्षांचा, बँकेतून रिटायर. आता या वयात कोण घेणार?

काका, लिलियन कार्टर ६८व्या वर्षी आल्या होत्या, आणि कुठं, तर आपल्या विक्रोळीत! १९६६मध्ये, पीस कॉर्प्सकडून. नर्स होत्या, टीव्हीवर वयाची अट नाही अशी जाहिरात बघितली आणि अर्ज केला. गोदरेजच्या वसाहतीत दवाखान्यात काम केलं, कुष्ठरोग्यांची सेवा केली. दहा वर्षांनी त्यांचा मुलगा जिमी अमेरिकेचा अध्यक्ष झाला. तुम्हाला हिशोब येतो, ऑडिट येतं, आणि छोट्या संस्था सगळ्यात जास्त तिथंच अडतात. बीपी, शुगरची औषधं पूर्ण मुदतीची बरोबर न्या. प्रवास झेपत नसेल तर युनायटेड नेशन्सचं ऑनलाइन व्हॉलंटियरिंग आहे, घरबसल्या.

१४. तिथल्या मुलांचे फोटो टाकले तर काय बिघडलं?

तुमच्या भाचीचा शाळेतला फोटो कोणी परक्यानं न विचारता "गरीब बिचारी" म्हणून टाकला तर चालेल का? तेच इथं. मोठ्यांना विचारून, आणि लहान मुलांचे शक्यतो नाहीच.

१५. तिथं पोचल्यावर कळलं की संस्था बरोबर नाही. मध्येच सोडून येऊ का?

काम नीट लावलेलं नाही, कंटाळा येतोय, खोली वाईट आहे, एवढंच असेल तर थोडं थांबा, पहिले तीन आठवडे सगळ्यांना तसं वाटतं, मला पण वाटलं. पण मुलांना मारतायत, पैशांचे दोन हिशोब आहेत, आईवडील असलेल्या मुलांना अनाथ म्हणून दाखवतायत (प्रश्न ८) असं दिसलं तर तारखा आणि काय बघितलं ते वहीत लिहा, तिथल्या बालकल्याणाच्या सरकारी ऑफिसला किंवा पोलिसांना कळवा आणि निघा. तिथं राहून मुलांना वाचवीन असं वाटतं, मला समजतं ते, पण तुम्ही राहिलात की त्यांच्या जाहिरातीत अजून एक हसरा चेहरा वाढतो.

१६. परत आले पण इथं मनच लागत नाही. असं होतं का सगळ्यांना?

होतं. मॉलमध्ये गेलं की रडायला येतं, घरचे दोन दिवस फोटो बघतात आणि मग विषय संपतो, तुझा मात्र संपलेला नसतो. मला तीनेक महिने गेले. तेव्हा मला एकाच गोष्टीनं सावरलं, मी मुख्याध्यापक सरांना फोन करून विचारलं की वही (प्रश्न ७) चालू आहे का. ते म्हणाले चालू आहे, पण आता गावातलीच एक मुलगी बारावी होऊन लागलीय, तीच लिहिते, तुमची पानं तिनं वाचलीत. मग दर शनिवारी संध्याकाळी आम्ही फोनवर पुढच्या आठवड्याचे धडे ठरवायला लागलो, मी आणि ती. तुलाही तिकडच्या कोणा एकाला फोन करता येईल, आजच कर.